फँटसी जगातले डोंगर कसे उभे करायचे: आधी वारा, मग पाणी, मग खिंडी

फँटसी कादंबरी लिहायला घेतली किंवा मित्रांसोबत खेळायला एखादं जग बनवायचं ठरलं की नकाशावर पहिली गोष्ट काय येते, तर त्रिकोण. कागदाच्या वरच्या कडेला सात-आठ त्रिकोण काढायचे, टोकांना बर्फ दाखवायचा, एका गुहेत ड्रॅगन बसवायचा, झाली डोंगररांग. दिसते भारी पण ती रांग खोडून टाकली तरी कथेतल्या राजाचं, शेतकऱ्याचं, व्यापाऱ्याचं कुणाचंच काही बिघडत नाही आणि खरा प्रॉब्लेम तिथेच आहे. डोंगराने कोणाला पाणी मिळणार, कोण उपाशी राहणार, सैन्य कुठून येणार हे ठरवलं पाहिजे, म्हणजे अर्धं कथानक तुम्हाला फुकटात मिळतं. ते कसं करायचं ते बघू. उदाहरणासाठी मी आपली एक रांग रचतो, तिचं नाव ठेवू वाघदांड.

अख्खं जग काढत बसू नका

एकच रांग आणि तिच्या दोन बाजू, बस. कागद, पेन्सिल, खोडरबर घ्या आणि सगळ्यात आधी स्केल लिहा. हे लोक टाळतात आणि मग चौथ्या प्रकरणात घोडा एका दिवसात अर्धा खंड पार करतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, सह्याद्री तापीपासून खाली कन्याकुमारीच्या जवळपर्यंत साधारण १,६०० किलोमीटर आहे आणि आपल्याकडचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई फक्त १,६४६ मीटर. एवढ्या बुटक्या रांगेने कोकण आणि देश यांचा पाऊस, पिकं, घरांची छपरं, ताटातलं जेवण सगळं वेगळं करून ठेवलंय. तेव्हा प्रत्येक डोंगर एव्हरेस्ट करायची गरज नाही. वाघदांड ६०० किलोमीटर लांब, उत्तर-दक्षिण, पूर्वेचा समुद्र तिच्यापासून ६० किलोमीटरवर, सर्वोच्च शिखर ३,४०० मीटर.

डोंगर आला कुठून ते ठरवा

वाचकाला हे सांगायचं नाहीये, तुम्हाला माहीत असलं की झालं. दोन भूखंड एकमेकांवर आदळले तर हिमालयासारखी उंच, चुरगळलेली, अनेक पदरी रांग तयार होते. समुद्राचा तळ किनाऱ्याखाली घुसत असेल तर अँडीजसारखी किनाऱ्याला चिकटून जाणारी रांग, सोबत ज्वालामुखी, भूकंप आणि पोटात तांबं-चांदी, म्हणजे फँटसीत असतात त्या तुमच्या खाणवाल्या बुटक्या जमातीची (ड्वार्फ) सोय झाली. लाव्ह्याचे थरावर थर साचले असतील तर सह्याद्रीसारखे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर, सपाट माथे, सरळ तुटलेले कडे, असे की वर फक्त तटबंदी घालायची बाकी. आणि खूप म्हातारा डोंगर हवा असेल तर अरवली बघा, झिजून झिजून बुटका झालेला.

वाघदांड मी लाव्ह्याची ठेवतो, कारण मला किल्ले हवेत. तुमच्या जगात एखाद्या देवाने भाला फेकला आणि डोंगर उठला असं असेल तरी चालेल, फक्त दगड कुठला, कडे कसे, एवढं ठरवून ठेवा.

आता वारा

ही पायरी जवळजवळ सगळेच सोडतात. नकाशावर मोठा बाण काढा, वर्षातले बरेच महिने वारा कुठून येतो? समुद्रावरून ओली हवा येते, डोंगराला अडून वर चढते, वर गार होते, पाऊस पडतो आणि पलीकडे उतरते तेव्हा ती कोरडी असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, हा हिशोब शाळेत आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून पाठ केलेला असतो पण नकाशा काढताना नेमका विसरतो.

आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून मराठी माणूस डोळे झाकून डोंगराची पश्चिम बाजू हिरवी करतो. तसं करू नका. अँडीजमध्ये गंमत बघा, पेरूच्या बाजूला पूर्वेकडे ॲमेझॉनचं जंगल आणि पश्चिमेला किनाऱ्यावर वाळवंट, आणि त्याच रांगेच्या दक्षिण टोकाला बरोबर उलटं, चिलीची पश्चिम बाजू चिंब आणि पूर्वेचं पॅटागोनिया कोरडं. रांग तीच, वारा फिरला. आपल्या वाघदांडेत मी वारा पूर्वेकडून आणतो. म्हणजे पूर्वेची किनारपट्टी भात, मासे, चिखल, बुरशी. पश्चिमेचं पठार बाजरी, मेंढरं, धूळ.

नद्या: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

पाणी उतारावरून खाली येतं, ओढे एकमेकांना मिळत मिळत नदी होते आणि शेवटी समुद्र किंवा तळं गाठते. खाली जाताना नद्या एकत्र येतात, फुटत नाहीत. फुटतात ते समुद्राजवळ, त्रिभुज प्रदेशात. एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्राला मिळणारी निळी रेघ म्हणजे नदी नव्हे, ती सामुद्रधुनी. आणि तळ्यातून बाहेर जाणारी वाट साधारण एकच असते.

आता वाघदांडेचा माथा म्हणजे पाणलोटाची रेघ. पूर्वेच्या नद्या आखूड, उतार जबरदस्त, पावसाळ्यात खवळणार. पश्चिमेच्या नद्या माथ्यावरच्या पावसावर जन्मतात पण कोरड्या पठारातून शेकडो किलोमीटर जातात. गोदावरी असंच करते, त्र्यंबकला उगम, अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर, पण बाई पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

इथेच कथा हाताला लागते. पठारावरच्या लाखो लोकांचं पाणी माथ्याच्या एका अरुंद पट्ट्यातून येतं, मग तो पट्टा कोणाच्या ताब्यात आहे? मी तो पूर्वेच्या राजांकडे दिला. आता खलनायक वेगळा शोधायची गरजच उरली नाही.

अपवाद आहेत, ते वापरा पण कारणासकट. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा हिमालयाला आरपार कापून येतात, कारण डोंगर वर उठत असताना त्या आपलं पात्र खोदतच राहिल्या. नर्मदा पश्चिमेला जाते कारण ती विंध्य-सातपुड्याच्या मधल्या खचलेल्या पट्ट्यातून वाहते. व्हेनेझुएलात कासिकियारे नावाचा प्रवाह आहे जो ओरिनोकोतून फुटून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाणी नेतो. जगात एखादी अशी विचित्र नदी असली की मजा येते, सगळ्याच तशा असल्या की वाचक म्हणतो लेखकाला भूगोलात नापास केलं होतं.

बर्फ हवाय? हिशोब करा

दर १,००० मीटर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर ३० अंश असेल तर वाघदांडेच्या ३,४०० मीटरच्या शिखरावर साधारण ८. म्हणजे कायमचा बर्फ नाही, सॉरी. बर्फ हवाच असेल तर शिखर ५,००० च्या वर न्या किंवा अख्खं जग थंड पट्ट्यात सरकवा. किलिमांजारो विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असून माथ्यावर बर्फ आहे, कारण उंची ५,८९५ मीटर.

खिंडी आणि घाटवाटा

माझ्या मते नकाशावरची सगळ्यात महत्त्वाची जागा शिखर नसून खिंड असते. शिखरावर कोणी राहत नाही, खिंडीतून मीठ जातं, धान्य जातं, सैन्य जातं, नवरीची वरात जाते. नाणेघाट डोळ्यासमोर आणा. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल या वाटेने जुन्नरला चढायचा. घाटाच्या तोंडाशी शिलालेख असलेली लेणी, पाण्याची टाकी, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, आणि वाटेवर नजर ठेवायला जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी. एका खिंडीमुळे बाजारपेठ, बंदरं, किल्ले आणि कर सगळं जागेवर बसलं.

तर ६०० किलोमीटरच्या रांगेत माल नेता येईल अशा तीन-चारच खिंडी ठेवा, बाकी सगळ्या एकट्या माणसाच्या, चोराच्या, धनगराच्या वाटा. मग चालायचा वेळ काढा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सोपा नियम दिला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपली घाटवाट २० किलोमीटरची आणि चढ १,२०० मीटरचा असेल तर चार अधिक दोन, सहा तास, तेसुद्धा तगड्या, मोकळ्या हाताच्या माणसाला. लादलेले बैल असतील तर अख्खा दिवस गेला समजा. म्हणजे वर मुक्काम लागणार, मुक्कामाला पाणी लागणार, पाणी आहे तिथे धर्मशाळा, लोहार, दारूचा गुत्ता, आणि बघता बघता गाव. गाव तुम्ही ठरवून ठेवलं नाही, ते आपसूक आलं.

जादू शेवटी घाला

आधीच घातली तर सगळ्या अडचणी तीच सोडवते. एकच बदल करा आणि त्याच्या मागे लागा. हवेत तरंगणारा डोंगर असेल तर त्याच्या खाली कायम सावली, तिथे काय पिकतं? वरचं पाणी कोणाच्या शेतात पडतं? ड्रॅगन मेंढरं खातो तर त्या कुरणात धनगर जाणार नाहीत, म्हणजे तिथलं गवत सगळ्यात उंच, आणि दुष्काळात कोणीतरी जीवावर उदार होऊन तिथे जाणारच.

नावं

नावं दोन्ही बाजूंनी वेगळी ठेवा, एव्हरेस्टला नेपाळात सागरमाथा आणि तिबेटात चोमोलुंग्मा म्हणतात तसं. पठारावरचे लोक म्हणतात वाघदांड, पूर्वेच्या कोळ्यांना तो फक्त ‘मावळतीचा डोंगर’. गावांना सरळ आपल्यासारखी खुर्द-बुद्रुक, वाडी, पेठ लावा, ‘झार्थॅगॉर’ वगैरे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मग कुठे सॉफ्टवेअर उघडा. अझगारचा मॅप जनरेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो, इंकारनेटमध्ये फुकटातही बरंच काही होतं, वंडरड्राफ्ट विकत घ्यावं लागतं. पण पेन्सिलचा नकाशा पक्का होण्याआधी तिथे गेलात तर झाडांचे आयकॉन चिकटवण्यात रात्र जाते.

नकाशा तयार झाला की एखाद्या मित्राच्या हातात द्या आणि सांगा, पूर्वेच्या बंदरातून वीस बैल मीठ घेऊन पठारावरच्या राजधानीला जा, पावसाळा तोंडावर आलाय. तो विचारत सुटेल, रात्री कुठे थांबू, नदी कुठे ओलांडू, जकात कोण घेतं, पूर आला तर दुसरी वाट कोणती. जिथे तुम्ही अडखळाल तिथे पेन्सिलने गोल करा, उद्याचं काम तेच.