घरची गोष्ट लिहायची आहे? गटात येण्याआधी हे वाचा

निवृत्ती झाली, मुलं बंगळूरला नाहीतर बाहेरदेशी गेली, की एक दिवस अचानक वाटायला लागतं, आईबद्दल, आजोबांबद्दल, सुटलेल्या गावाबद्दल काहीतरी लिहून ठेवलं पाहिजे. मग दोनशे पानी वही येते. पहिल्या पानावर 'आमचे मूळ गाव अमुक, तालुका तमुक' अशी झोकात सुरुवात होते आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर गाडी थांबते. घरात वाचून दाखवावं तर मुलांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं आणि नवऱ्याला तीच गोष्ट वेगळी आठवत असते. अशा लोकांचे छोटे लेखनगट पुण्यात बरेच चालतात. कुठे ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत, कुठे वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, कुठे भिशीसारखे दर महिन्याला एकेकाच्या घरी. मी अशाच एका गटात जाते आणि आता नवीन येणाऱ्यांशी पहिलं बोलणं माझ्याकडेच असतं. तेच इथे लिहिते आहे.

गटात कुणी लेखन 'शिकवत' नाही. साहित्यिक होण्यासाठी येणार असाल तर त्यासाठी शहरात वेगळी ठिकाणं आहेत, टिळक रस्त्यावर १९०६ पासूनची साहित्य परिषद आहे. आमच्याकडे आठ-दहा जण बसतात, दोन तासांत तिघे वाचतात, बाकीचे ऐकतात. हजार शब्द मोठ्यानं वाचायला आठ-नऊ मिनिटं लागतात, तेवढंच आणायचं. वाचून झालं की 'छान, सुंदर, डोळ्यात पाणी आलं' म्हणायला बंदी आहे. फक्त प्रश्न विचारायचे. नवीन माणसाला हे कोरडं वाटतं, पण गटाचा खरा उपयोग तेवढ्यातच आहे. तुमच्या आजोबांना न पाहिलेली, तुमच्या घराण्याशी काडीचं देणंघेणं नसलेली माणसं जे विचारतात, ते घरचं माणूस कधीच विचारत नाही. घरच्याला सगळं ठाऊक असतं, निदान तसं वाटत असतं.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. त्यांनी वाचलं, "आमचे आजोबा अत्यंत करारी व शिस्तप्रिय होते." पानभर तसंच, करारी, बाणेदार, निःस्पृह. अशी विशेषणं मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या तयारच असतात, कुणाच्याही आजोबांना बसतात. एकीनं विचारलं, "शिस्तप्रिय म्हणजे काय करायचे हो?" काका जरा गडबडले. मग म्हणाले, "ताटात मीठ वाढलेलं नसलं तर जेवायचे नाहीत. पण मागायचेही नाहीत. हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहायचे. ते जेवायला लागेपर्यंत आम्ही पोरंही तशीच." खोलीत सगळे सावरून बसले. दुसऱ्यानं विचारलं, "असं नेहमी व्हायचं?" "बऱ्याचदा." "मग आजी दरवेळी विसरायच्या कशा?" काकांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी साताऱ्याला आत्याला फोन लावला. आत्या नव्वदीच्या. फोनवर आधी हसत सुटल्या आणि म्हणाल्या, "विसरतेय कशाची! आदल्या दिवशी वाजलं असलं की मीठ नाही वाढायची आई." पुढच्या वेळी काका जे लिहून घेऊन आले त्यात करारी हा शब्द नव्हता. आजोबा होते, आजी होत्या, आणि मिठावाचून थांबलेली पंगत होती.

नव्यानं लिहिणाऱ्यांना म्हणूनच सांगते, मोठेपणा लिहू नका, कृती लिहा. काय खाल्लं, काय विकलं, कशावर झोपले, कुणी कुणाला काय हाक मारली.

पुण्यातल्या गटात पानशेत येतंच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. सत्तरीच्या आसपासच्या प्रत्येक पुणेकराकडे याची एक गोष्ट असते आणि सुरुवातीला ती सगळ्यांची सारखीच असते. अफवा, धावपळ, पर्वतीवर चढलेली माणसं, नंतरचा चिखल. नारायण पेठेतल्या एका बाईंनीही तेच लिहून आणलं होतं. त्यात एक वाक्य होतं, "आईने शिलाई मशिनचे डोके तेवढे काढून घेतले." आम्ही तिथेच अडलो. स्टँड? राहिलं मागे. मग मशिन चालवलं कसं? खोक्यावर ठेवून. पायडल नाही, मग? "चाक मी फिरवायचे," त्या म्हणाल्या. "आई दोन्ही हातांनी कापड धरायची, मी चाक. शाळा बंदच होती. ती 'थांब' म्हणाली की थांबायचं, नाहीतर सुई बोटात." धरणाची उंची, पाण्याची पातळी, गोखलेनगर-लोकमान्यनगरात वसवलेले पूरग्रस्त, हे सगळं पुस्तकांत मिळतं. सात वर्षांच्या मुलीनं फिरवलेलं चाक त्यांच्याशिवाय कुठे मिळालं असतं?

बहात्तरच्या दुष्काळाचंही तसंच. नगर, बीड, सोलापूरकडून आलेले लोक खडी फोडण्याचं लिहितात, तेव्हा वाटलेल्या सुकडीचं आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीचं लिहितात. तिथेही मी हेच विचारते, मिलोची भाकरी थापताना मोडायची का, आई काय म्हणायची तेव्हा?

आता कागदपत्रं. घरची गोष्ट लिहिणाऱ्याला आज ना उद्या जुने कागद लागतात, आणि इथे जपून पाऊल टाका. चुलतभावाकडे "जुने कागद बघायला मिळतील का" म्हणालात की त्याच्या कपाळावर आठी पडते. पुण्याच्या आसपास जमिनींचे भाव काय झालेत ते तुम्हाला माहीत आहे. याला अचानक वंशावळ कशाला हवी, असं कुणालाही वाटेल. आधी फोटो मागा, लग्नपत्रिका मागा, कागद नंतर. आणि कशासाठी हवेत ते स्पष्ट सांगा.

पण कागद मिळाले तर सोनं असतं. वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर करतानाच्या नोंदीत, मयताच्या बायको-मुलांबरोबर लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावंही पुष्कळदा सापडतात, जी घरात सगळे विसरलेले असतात. गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, आणि इथे पुणेकरांचं नशीब चांगलं. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, तिथे मोडीचे वर्ग होतात. सगळी लिपी आली नाही तरी चालतं, आपल्या घराण्याची आडनावं आणि गावाचं नाव ओळखता आलं तरी पुष्कळ. जुन्या पत्रांवर शके असतो. त्यात ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तारीख असेल तर बहुधा ७९.

तुमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत असेल तर तो जरूर पाहा, पण त्यात अडकून पडू नका. कोण कुठून कुठे गेला, कुणाला किती मुलगे, एवढं त्यात नीट मिळतं. बायका मात्र त्यात एका ओळीत संपतात. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, नावही बदलायचे. कितीतरी आज्यांचं माहेरचं नाव फक्त त्यांचा भाऊ घ्यायचा आणि भावाबरोबर तेही गेलं. गटातल्या प्रत्येकाला मी हे काम देते: आजीचं आणि पणजीचं माहेरचं नाव शोधा. अर्ध्या जणांना आजीचंही सांगता येत नाही. शोधायला लागलं की मात्र दूरचे मामा, आतेबहिणी, माहेरचं गाव, सगळं हळूहळू उलगडायला लागतं.

ज्यांच्या घरात कागद कधी नव्हतेच त्यांनी हिरमुसू नये. जात्यावरच्या ओव्या आठवणारी मावशी असेल तर तिच्याजवळ बसा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतात. तुमच्या भागातल्या ओव्या काढून मावशीला ऐकवा, ती लगेच "आमच्यात असं नाही म्हणत" म्हणून स्वतःची सुरू करेल. तेवढ्यात फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. तिची परवानगी घेऊन, अर्थात. आणि समोर खुर्ची टाकून मुलाखत घेऊ नका, म्हातारी माणसं मग भाषण करतात. मेथी निवडता निवडता विचारा.

बोलीबद्दल थोडं. आई अहिराणी बोलत असेल, वऱ्हाडी बोलत असेल, तर तिच्या तोंडी सदाशिव पेठ घालू नका. गटात कुणाला एखादा शब्द कळला नाही तर ते विचारतील. शुद्धलेखनाच्या चुका काढणारा एक तरी सभासद प्रत्येक गटात असतो. पुणं आहे, त्याला इलाज नाही. त्याला मुद्रितशोधनाचं काम द्या, खूश राहतो.

गटात बोललेलं बाहेर जात नाही, हा नियम आहे की नाही ते पहिल्याच दिवशी विचारा. घरच्या गोष्टीत दारू येते, दुसरं लग्न येतं, भाऊबंदकी येते, गांधीहत्येनंतरची १९४८ ची जाळपोळ येते, विहिरीवर पाणी न मिळालेलं येतं. एकाच गटात एकाचे आजोबा वाड्याचे मालक आणि दुसऱ्याचे आजोबा त्या वाड्याच्या पायरीपर्यंतच जाऊ शकलेले, असं होतं. तेव्हा वाचणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही आणि 'आमच्याकडे तसं नव्हतं' असं म्हणायचं नाही. हे ज्या गटात पाळलं जात नाही, तिथून मी तरी उठून येईन. हयात माणसाबद्दल लिहिलं असेल तर मात्र छापण्याआधी त्याला दाखवा.

टायपिंगची भीती बाळगू नका. फोनवर मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, चुका नंतर दुरुस्त करता येतात. बाहेर टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच मागा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइल मुलाला मेल केली की त्याच्याकडे नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

आणि पुस्तकाची घाई करू नका. पुण्यात चार लेख झाले की लोकांना पत्रकार भवन, प्रमुख पाहुणे आणि शाल-श्रीफळ दिसायला लागतं. वर्षभर नुसतं लिहा, वाचा. मग वाटलंच तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास चौकशी करा, हल्ली थोड्या प्रतीही छापून मिळतात. 'खासगी वितरणासाठी' असं घातलं की झालं. टाइप मोठा घ्या, वाचणारे सगळे साठीच्या पुढचे असणार. आणि शेवटी चार-पाच पानं कोरी ठेवायला सांगा. नातेवाईक चुका काढणारच आहेत, निदान त्याच प्रतीत लिहून परत देतील.