खिशात मोबाईल ठेवून कंपास धरू नका (एनसीसी आणि एसएसबीवाल्या पोरांसाठी)

एनसीसीचं सी सर्टिफिकेट काढून, एसएसबी (फौजेतल्या अधिकारी निवडीची मुलाखत) देऊन फौजेत जायचंय आणि मॅप रीडिंग बोअर होतं म्हणून सोडताय? सोडू नका. "आता जीपीएस आहे, ड्रोन आहेत, नकाशा कोण बघतो" असं सांगणारे क्लासवाले पणजीतही आहेत, त्यांचं हे तरी ऐकू नका. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीने ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायला शिकवणं 1998 ला बंद केलं आणि 2015 ला परत सुरू केलं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, खाली येईपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की साधा जॅमरही तो दाबतो, आणि युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी हेच केलंय. लांब कशाला, आपल्या गोव्यात बांधलेली 'थुरिया' ही शिडाची बोट घेऊन नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब रेसला, म्हणजे एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीला उतरले, तिथे जीपीएस वापरायला बंदीच होती, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) आणि कागदी चार्टवरच सगळं.

आता मला ज्याने सगळ्यात जास्त छळलं ते नीट सांगतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वाळूत उभं राहून रिसेक्शन करायचं, म्हणजे आपण नकाशावर कुठे आहोत ते शोधायचं: समोर रेइस मागोशचा किल्ला, डावीकडे अग्वादचं दीपगृह आणि मागे काबोचं टोक, तिघांचे बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) घेऊन नकाशावर त्या खुणांपासून आपल्याकडे उलट्या रेषा मारायच्या. रेषा एका बिंदूत यायला हव्यात, छोटा त्रिकोण झाला तरी चालतं, पण त्रिकोण भलामोठा येत असेल तर आधी खिसा बघा. मोबाईलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, शर्टाच्या खिशात ते कंपासच्या अगदी जवळ येतं आणि सुई ओढली जाते. अग्वाद तिथून साडेतीन किलोमीटरच्या पुढे, म्हणजे 5 अंश चुकले की रेषा तीनेकशे मीटर सरकली! आणि खरी गोची पुढेच आहे, तुम्ही वळता तसा मोबाईलही तुमच्याबरोबर वळतो, म्हणून चूक प्रत्येक दिशेला वेगळी पडते, एकच आकडा वजा करून ती जात नाही. फोनमधला कंपास लावून चेक करू म्हणाल तर तोही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच मोजतो, कव्हरला मॅग्नेट असेल तर तोही खोटंच दाखवणार. फोन बॅगेत घालून बॅग दूर ठेवा, स्कूटरच्या आणि तारेच्या कुंपणाच्या जवळ उभं राहू नका, मग बेअरिंग घ्या.

सुरुवातीला जमत नाही, सगळ्यांचंच तसं होतं, घाबरू नका, हात बसला की आपोआप येतं. यूट्यूबवरच्या ट्रिकांपेक्षा युनिटमधल्या जुन्या उस्तादांना धरा, ते ओरडतात पण मागे उभे राहून हात कुठे हलतोय ते दाखवतात, ते कुठलंच ॲप दाखवत नाही. आणि पेन्सिल टोकदार ठेवा, जाड रेघेतच नकाशावरचे कितीतरी मीटर जातात.