होम लॅबसाठी जुना मिनी पीसी घेताना

नवीन मुलं माझ्याकडे होम लॅबबद्दल, म्हणजे शिकण्यासाठी आणि घरच्या वापरासाठी घरात चालवायच्या छोट्या सर्व्हरबद्दल, विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "प्रोसेसर कुठला घेऊ?" मी आधी विचारते, मशीन चोवीस तास चालू राहणार आहे का? कारण स्वस्त-महाग काय ते तिथे ठरतं.

वर्षाचे तास ८,७६०. काही काम नसताना १० वॅट खाणारं मशीन वर्षाला साधारण ८८ युनिट वीज घेतं. जुना रॅक सर्व्हर (ऑफिसातल्या सांगाड्यात बसवायचा मोठा कॉम्प्युटर) नुसता बसून १०० वॅट सहज खातो, म्हणजे ८७६ युनिट. वर पंख्यांचा आवाज, तोही रात्रंदिवस. फुकट मिळतोय म्हणून कुणी सर्व्हर देऊ केला, तरी राहत्या घरात तो आणू नका असंच मी कळकळीने सांगते.

माझी पसंती ऑफिसातून निघालेल्या मिनी पीसींना. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी, या तिन्हींतलं जे चांगल्या अवस्थेत मिळेल ते. इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी 'टी' असेल तर तो ३५ वॅटचा प्रोसेसर. सहाव्या पिढीच्या आय५-६५००टीमध्ये ४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), आठव्या पिढीच्या आय५-८५००टीमध्ये ६. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट मशीनं ऑफिसं काढून टाकतात. लिनक्स किंवा प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) त्यांवर मजेत चालतं. फक्त जेलीफिनवर (आपल्याकडचे व्हिडिओ घरात दाखवणारं सॉफ्टवेअर) सिनेमे बघायचे असतील तर सहावी पिढी टाळा. १०-बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) व्हिडिओचं काम हार्डवेअरवर नीट होतं ते सातवीपासून.

कोअरपेक्षा रॅम आधी संपते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे ते आभासी कॉम्प्युटर, उघडली की ८ जीबीचा जीव जातो. सुरुवातीला १६ पुरते, ३२ असेल तर वर्षानुवर्षं बघायला नको. घेतानाच विचारा की आतली रॅम एका स्टिकची आहे की दोन. एकच असेल तर दुसरा स्लॉट मोकळा सापडतो आणि जुनी स्टिक वाया जात नाही. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त दिसते, पण ती या मशीनमध्ये चालत नाही.

नवीनच हवं असेल तर एन१०० वाले छोटे बॉक्स आहेत: ४ कोअर, ६ वॅट. पाय-होल (जाहिराती अडवणारं), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं) अशा सॉफ्टवेअरना झकास. पण इंटेल अधिकृतपणे १६ जीबीच रॅम सांगतं, म्हणून शिकण्यासाठी खूप व्हर्च्युअल मशीन लावणाऱ्याला मी तो सुचवत नाही.

आता प्रत्यक्ष मशीन समोर आल्यावर. डेलचं असेल तर आधी अडॅप्टर बघा. मशीनला जोडायच्या त्याच्या टोकाच्या मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. तिच्यातून मशीन अडॅप्टर ओळखतं. दुसराच अडॅप्टर जोडलेला असेल तर सुरू होताना सूचना येते आणि प्रोसेसर मंद गतीने चालतो. कितीतरी "स्लो" मशीनांचं दुखणं एवढंच असतं. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या पानावर) शिरा आणि व्हर्च्युअल मशीनसाठी लागणारी व्हर्च्युअलायझेशनची सेटिंग चालू करून सेव्ह करून बघा. पासवर्ड मागितला तर विकणाऱ्याने तो काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. मशीन बंद करून वीज काढली की तारीख मागे जात असेल, तर घाबरू नका, आतला सीआर२०३२ सेल बदलायचा आहे.

डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद) काढा. चालू राहिल्याचे तास जास्त असले तरी चालतील. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) शून्याच्या वर असतील तर ती डिस्क सोडून द्या. घरी आणल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावा. घरचे फोटो ठेवायचे असतील तर जुन्या हार्ड डिस्कवर एकुलती एक प्रत मुळीच ठेवू नका. नवी डिस्क घेताना एसएमआर (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) प्रकारची नाही ना, हेही तपासा. झेडएफएसमध्ये (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टिम) डिस्क बदलायची वेळ आली की एसएमआर असह्य रखडते.

राउटर बनवायचा असेल तर लॅनचे दोन पोर्ट लागतात. लेनोवो एम७२०क्यू आणि एम९२०क्यूमध्ये रायझर (जोड देणारी छोटी पट्टी) लावून जादा लॅन पोर्टचं पीसीआयई कार्ड बसतं, पण मग २.५ इंची डिस्कची जागा जाते. ऑपनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, तेव्हा कार्ड इंटेलचंच घ्या. रिअलटेकवर ड्रायव्हरची कटकट होते.

शेवटी बायोसमध्ये, वीज गेल्यानंतर मशीनने आपोआप सुरू व्हावं, ही सेटिंग करा आणि मॉनिटर काढून घ्या.