कपॅसिटर-कपल्ड लिंक तपासताना आधी पॅटर्न विचारा

वेगवान सीरियल लिंकमध्ये ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या मध्ये कपॅसिटर का बसवतात, हे या क्षेत्रात नव्याने आलेल्यांनाही ठाऊक असते. दोन्ही टोकांची कॉमन-मोड पातळी (जोडीतल्या दोन्ही तारांची सरासरी व्होल्टेज) वेगळी असली तरी लिंक चालावी, म्हणून डीसी अडवायचा. मात्र डीसीबरोबर सिग्नलचा कमी वारंवारितेचा भागही अडतो आणि तो गेल्याची खूण रोजच्या चाचणीत उमटतच नाही, हे मला कोणी वेळेवर सांगितले नव्हते. याच एका गोष्टीने मला फार काळ अडवून ठेवले, म्हणून ती सविस्तर सांगतो.

सिग्नल वाहणाऱ्या जोडीतल्या प्रत्येक तारेवर ५० ओहमचा सोर्स आणि ५० ओहमचे टर्मिनेशन (रिसीव्हरकडचा रोध) मिळून १०० ओहम होतात. कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा असेल, तर टाइम कॉन्स्टंट (रोध गुणिले कपॅसिटर) १० मायक्रोसेकंद आणि कट-ऑफ, म्हणजे ज्याखालचा सिग्नल अडतो ती वारंवारिता, सुमारे १६ किलोहर्ट्झ येतो. १० नॅनोफॅरडला तोच कट-ऑफ १६० किलोहर्ट्झवर जातो. गिगाबिटच्या लिंकपुढे दोन्ही आकडे क्षुल्लक वाटतात. पण स्क्रॅम्बल केलेल्या, म्हणजे यादृच्छिक दिसेल असा मिसळलेल्या, डेटात एक आणि शून्य यांची संख्या दीर्घकाळात सारखी असली, तरी थोड्या काळापुरते कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे पारडे जड होत राहते. त्या असमतोलाने कपॅसिटरवर व्होल्टेज साचते आणि संपूर्ण सिग्नल वर किंवा खाली सरकतो. हाच बेसलाइन वाँडर.

आता चाचणीचा पॅटर्न पाहा. पीआरबीएस म्हणजे चाचणीसाठीची यादृच्छिक भासणारी, ठरलेल्या आवर्तनाची बिटमाला. पीआरबीएस-७ दर १२७ बिटांनी पुन्हा तोच येतो, त्यामुळे ८ गिगाबिट प्रति सेकंद वेगाला, डीसीचा अंश सोडला, तर त्याची सर्वांत कमी वारंवारिता सुमारे ६३ मेगाहर्ट्झ असते. १६० किलोहर्ट्झचा कट-ऑफ त्याच्या जवळपास ४०० पट खाली राहतो. आय डायग्राम (अनेक बिटांचे तरंग एकावर एक ठेवून काढलेले चित्र) स्वच्छ दिसणारच. पीआरबीएस-३१ चे आवर्तन मात्र २१४ कोटींहून अधिक बिटांचे असते आणि त्याचा स्पेक्ट्रम थेट काही हर्ट्झपर्यंत उतरतो. पॅटर्नचे नाव न लिहिलेला आय डायग्राम मी पुरावा मानत नाही, आणि तो पाहताक्षणी ‘पॅटर्न कोणता?’ असे विचारणारा ज्येष्ठ सहकारी लाभला, तर त्याला सोडू नका.

घाबरण्याचे कारण नाही, अंदाज दोन ओळींत निघतो. यादृच्छिक डेटासाठी बेसलाइनचे प्रमाण विचलन म्हणजे अॅम्प्लिट्यूड गुणिले, बिटचा कालावधी भागिले टाइम कॉन्स्टंटची दुप्पट, या भागाकाराचे वर्गमूळ. १० नॅनोफॅरड आणि ८ गिगाबिटला ते सुमारे ०.८ टक्के येते, क्वचित येणाऱ्या टोकाच्या विचलनासाठी त्याची सातपट घेतली तर साडेपाच टक्के. हाच कपॅसिटर ठेवून वेग १ गिगाबिटवर आणला, तर सातपट जवळजवळ १६ टक्क्यांवर जाते. लॉस आणि परावर्तनाचे दोष वेग कमी केल्यावर सहसा निवळतात. वेग कमी केल्यावर चुका वाढल्या, तर संशय आधी कपॅसिटरवर घ्यावा.

जुन्या बोर्डावरची कपॅसिटरची किंमत (म्हणजे नॅनोफॅरडमधले मूल्य) जशीच्या तशी उतरवून घेण्याचा आडमार्ग मला मुळीच पसंत नाही. ८बी/१०बी कोडिंगमध्ये (८ बिटांसाठी १० बिट पाठवण्याची पद्धत) एकसारखे बिट सलग पाचांहून अधिक येत नाहीत आणि डीसी समतोल कोडच राखतो, म्हणून साटामध्ये (डिस्क जोडण्याच्या लिंकमध्ये) १२ नॅनोफॅरडची कमाल मर्यादा असूनही काम भागते. पीसीआय एक्स्प्रेसने (संगणकातल्या कार्डांच्या लिंकने) ८ गिगाट्रान्सफर वेगासाठी १२८बी/१३०बी स्वीकारले, ज्यात समतोल कोडऐवजी स्क्रॅम्बलिंगवर सोपवलेला असतो, तेव्हा कपॅसिटरची किमान किंमत ७५ वरून १७६ नॅनोफॅरडवर नेली. कमाल किंमतही पाळावी लागते, कारण समोर रिसीव्हर आहे की नाही हे ट्रान्समीटर लाइन किती वेगाने चार्ज होते यावरून ओळखतो.

लेआउटबद्दल थोडक्यात : कपॅसिटर सोल्डर करायचा पॅड ट्रेसपेक्षा रुंद असल्याने तिथे इम्पिडन्स घसरतो, म्हणून पॅडखालचा रेफरन्स प्लेन (खालच्या थरातला तांब्याचा सलग पत्रा) कापावा आणि किती कापायचा हे सिम्युलेशनने ठरवावे. जोडीतले दोन्ही कपॅसिटर शेजारी, समान अंतरावर ठेवावेत. मोठ्या कपॅसिटरला समांतर छोटा जोडण्याची वीजपुरवठ्याच्या डिकपलिंगमधली (पुरवठ्याची व्होल्टेज स्थिर ठेवण्याची) सवय इथे आणू नका. त्याने केवळ पॅड वाढतात. त्याच आकाराच्या पॅकेजमध्ये किंमत वाढवली, तर उच्च वारंवारितेला फारसा फरक पडत नाही, कारण तिथे भूमिती ठरवते, नॅनोफॅरड नव्हे.