कार्ब्युरेटर बदलण्याआधी हवा कुठून शिरते ते बघा

मी पेटीवाला. फोंडा तालुक्यात भजनांना, आरत्यांना आणि जत्रेतल्या नाटकांना साथ करतो. माझी १९९७ ची मारुती ८०० म्हणजे पेटी, तबल्याची जोडी आणि दोन गायक वाहून नेणारी बैलगाडीच. तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, मी दोनदा स्वतः बदलला. पहिल्या वेळी चुकलो, दुसऱ्या वेळी जमले. दोन्ही वेळचे सांगतो.

केरीवरून चोर्ला घाट चढताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये गचके खाऊ लागली आणि उभी राहिली की बंद पडू लागली. मेकॅनिक म्हणाला, "मास्तर, काडून उडय तें, नवें घाल." त्याचे खोटे नव्हते, पण माझी सवय अशी की पेटीचा सूर बिघडला तर आधी भाता तपासायचा, सुराला हात नंतर. गाडीचेही तसेच. कार्ब्युरेटरवर आळ येतो त्यातली निम्मी दुखणी दुसरीकडची असतात.

म्हणून आधी हे करा. पेट्रोल फिल्टर बदला, तो स्वस्त आहे. प्लग काढून बघा. पेट्रोल पंपाचा पाइप कार्ब्युरेटरकडून सोडवून बाटलीत धरा, कॉइलची मधली वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे ठोक्याठोक्याने चांगली धार यायला हवी. नाही आली तर दुखणे मागे आहे. आता शेवटची आणि माझी आवडती परीक्षा. इंजिन गरम असताना चोक, म्हणजे हवा कमी करणारे बटण, अर्धा ओढा. गाडी एकदम सुधारली, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. म्हणजे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) तुंबलेला आहे, नाहीतर कुठून तरी बाहेरची हवा शिरते आहे.

ती हवा शोधायला पाण्याचा फवारा पुरे. झाडांवर मारतो तो. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाशी, इन्सुलेटरच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड तुकडा) कडेने आणि व्हॅक्यूमच्या बारीक पाइपांवर पाणी शिंपडत जा, वायरी आणि डिस्ट्रिब्युटर वाचवून. एका जागी पाणी पडले की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलेल. तिथेच भोक. पेट्रोल किंवा क्लिनर फवारून हेच करणारे लोक असतात, पण गरम इंजिनावर ते मला पटत नाही.

माझ्या गाडीत हवाही शिरत होती आणि फ्लोटच्या भांड्यात (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्यात) पांढरी पूडही साचली होती. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल ओलावा ओढते. आमच्या पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की हा ओलावा जुन्या कार्ब्युरेटरच्या जस्ताच्या मिश्रधातूला खातो, शिवाय इथेनॉल जुने रबरी पाइप फुगवते. भांडे धुऊन दोनदा जोडले, तिसऱ्यांदा नवा आणला.

विकत घेताना जुना सोबत घेऊन जा. दुकानातला पोरगा "एटहंड्रेडचा ना, सगळे सारखेच" म्हणेल. सारखे नसतात. स्टडची भोके, पेट्रोलच्या नळीचे तोंड, व्हॅक्यूमच्या नळ्यांची संख्या, चोकच्या लिव्हरची बाजू, सगळे शेजारी ठेवून बघा. एसी गाडीत एसी लावल्यावर रेस वाढवणारा छोटा डायफ्रॅम असतो, तो नव्यावर आहे का बघा. आणि इन्सुलेटर व त्याच्या दोन्ही बाजूंचे गॅस्केट नवे घ्या. हे विसरू नका म्हणून पुन्हा सांगतो: गॅस्केट नवे घ्या. पहिल्या वेळी मी "चांगले दिसतेय" म्हणून जुनेच बसवले आणि आठवडाभर मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) स्क्रू पिळत राहिलो. रेस खाली येईनाच. भात्याला फट असताना सूर लावत बसण्यासारखा प्रकार.

काम उघड्यावर, थंड इंजिनावर करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, विडी-उदबत्ती लांब ठेवा, वाळूची बादली जवळ ठेवा. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक पाइपला चिकटपट्टीचा आकडा लावा. तेव्हा वाटते, सगळे लक्षात राहील. राहत नाही.

एअर क्लिनर काढा. पेट्रोलचे पाइप सोडून त्यांच्या तोंडात बोल्ट घाला, नाहीतर टाकीतले पेट्रोल टपटपते. मग व्हॅक्यूमचे पाइप, सोलेनॉइडची (उभ्या गाडीत इंजिन चालते त्याचे पेट्रोल सोडणारा विजेचा खटका) वायर, ॲक्सिलरेटर केबल, चोक केबल. बुडाचे नट तिरपे, एकमेकांसमोरचे, थोडे थोडे ढिले करा. मागचा नट बोटांना सापडत नाही. माझा हात लहान नाही, म्हणून तो भाच्याने काढला. कार्ब्युरेटर उचलला की मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळाच्या, भोकात लगेच स्वच्छ कापड कोंबा. भोकात गेलेला वॉशर इंजिनात जातो आणि मग घरात जे ऐकावे लागते ते इथे लिहीत नाही.

जुने गॅस्केट प्लास्टिकच्या कडेने खरवडा. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असतो, लोखंडी पट्टीने ओरखडा पडला की पुन्हा हवा शिरते. कार्ब्युरेटरचे बूड सरळ पट्टीवर धरून उजेडाकडे बघा. मध्ये प्रकाश दिसला तर ते वाकलेले आहे. नवेसुद्धा वाकलेले येते, मी पाहिले आहे. असले तर परत करा. गॅस्केटला सिलिकॉन लावू नका, पेट्रोलपुढे ते टिकत नाही आणि त्याचे तुकडे आत जातात.

कापड काढा, इन्सुलेटर आणि गॅस्केट बसवा, वर कार्ब्युरेटर ठेवा. नट आधी बोटांनी, मग छोट्या पान्याने, तिरप्या क्रमाने. जोर लावू नका. जास्त पिळले की बूड वाकते, नाहीतर स्टड मॅनिफोल्डच्या चुड्या घेऊन वर येतो.

केबल जोडल्यावर बायकोला सीटवर बसवले. "दाबू?" "दाब." पेडल पूर्ण दाबल्यावर झडप पूर्ण उघडली पाहिजे आणि सोडल्यावर खटकन बंद झाली पाहिजे. केबलला किंचित ढील ठेवा. चोकचे बटण आत असताना वरची झडप सरळ उभी हवी. पाइपांना नव्या क्लिपा लावा, कडक झालेले पाइप बदला.

बॅटरी जोडा. चावी फिरवल्यावर सोलेनॉइडचा 'टक' ऐकू आला पाहिजे. आला नाही तर वायर बघा, नाहीतर पेडल सोडले की इंजिन आयडलवर चालणारच नाही. नवा कार्ब्युरेटर रिकामा असतो, म्हणून पाच-दहा सेकंद स्टार्टर मारा, थांबा, पुन्हा मारा. कार्ब्युरेटरच्या बाजूच्या छोट्या काचेत पेट्रोलची पातळी मधल्या खुणेपाशी आली का बघा आणि सगळ्या सांध्यांना बोट लावा. ओले लागले तर इंजिन चालू करू नका.

चोकवर सुरू करा, पंखा एकदा फिरेपर्यंत गरम होऊ द्या. मग आधी फवारा घेऊन हवेची परीक्षा, स्क्रूला हात नंतर. नव्याचा मिक्श्चर स्क्रू कारखान्यातून लावलेला असतो. बिघडवायचा असेल तरच पहिल्या दिवशी फिरवा. आयडल मिनिटाला नऊशे फेऱ्यांच्या आसपास ठेवा. ८०० ला फेरे दाखवणारा मीटर नाही, पण तीन सिलिंडरांचे त्या वेगाला सेकंदाला साडेबावीस ठोके पडतात, आणि ते एकसारखे पडतात की लंगडतात हे कोणत्याही तबलजीला कळते. नंतर पीयूसी केंद्रावर नेऊन कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघा. माझ्या काळच्या गाडीला मर्यादा ३ टक्के आहे. आकडा वर गेला तर तिथेच स्क्रू अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजून घ्या. केंद्रवाला कुरकुरतो, पण करू देतो.

दोन दिवस चालवल्यावर थंड इंजिनावर नट पुन्हा तपासा, नवे गॅस्केट दबते. जुना कार्ब्युरेटर भंगारात देऊ नका. त्याचा लिव्हर आणि चोकच्या केबलचा बारीक स्क्रू कधी हरवेल सांगता येत नाही, आणि तो स्क्रू फोंड्यात सुटा मागितला की दुकानदार अख्खा कार्ब्युरेटर दाखवतो.