पावसाळ्यात पोराचं कानाचं मशीन
म्हापशात जून लागला की डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे ४ वर्षांच्या पोराच्या कानातल्या मशीनचं काय! नळीत घामाचा थेंब अडकला की आवाज गुदमरतो आणि पोर मशीन उपटून फेकतं. आम्हाला आधी तो हट्टच वाटला.

१. रात्री मशीन कोरड्या फडक्याने पुसा, सेल काढा, सेलचं झाकण उघडंच ठेवा.
२. घट्ट डबीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. तांदूळ नको, त्याचं पीठ आत जातं.
३. सकाळी नळी उजेडात धरा. थेंब दिसला तर साचा (कानात बसणारा भाग) मशीनपासून सोडवून रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका.

डबी बंद करायचं काम पोराकडेच द्या. आमचा 'कान निजले' म्हणतो. सेल आणि पुडी मात्र उंचावर. सेल गिळला तर थेट इस्पितळ.