पोर्ट रॉयलमध्ये नेमकं काय पाहायचं

जमैकातल्या या बंदरगावी येणारे बहुतेक जण बुडालेलं शहर दिसेल या आशेने येतात. ते दिसत नाही. 7 जून 1692 च्या भूकंपात शहराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग समुद्रात गेला, आणि तिथे परवानगीशिवाय डायव्हिंग करता येत नाही. जे पाहायचं ते जमिनीवर. त्याला अर्धा दिवस पुरतो.

किंग्स्टनहून विमानतळाचा रस्ता धरा आणि विमानतळ मागे टाकून थेट टोकापर्यंत जा. ही पॅलिसेडोज, वाळूची चिंचोळी पट्टी. शहर का बुडालं ते इथेच कळतं. पाणी मुरलेली सैल वाळू जोरात हादरली की तिचे कण एकमेकांचा आधार सोडतात आणि ती घट्ट चिखलासारखी वाहू लागते. वर विटांची जड घरं होती. ती खचत खाली गेली. पुढे समुद्राच्या तळाशी एक घड्याळ सापडलं. एक्स-रे काढल्यावर त्यात काट्यांची खूण दिसली: 11 वाजून 43 मिनिटं.

आधी फोर्ट चार्ल्स. तटावर उभं राहून समुद्र किती लांब आहे ते बघा. एकेकाळी किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी होतं. 1779 मध्ये तरुण नेल्सन, पुढे गाजलेला ब्रिटिश नौसेनानी, इथे तैनात होता. सावली फारशी नाही, टोपी आणि पाणी सोबत हवंच.

जवळच ‘गिडी हाउस’, 1907 च्या भूकंपात कललेलं तोफखान्याचं कोठार. आत पाऊल टाकताच तोल जातो, कारण डोळे भिंतींना सरळ धरतात आणि कानातली तोलाची जाणीव डोळ्यांना खोटं पाडते. दारातच क्षणभर थांबा, भिंतीला हात लावून पुढे सरका. फोटो काढताना कॅमेरा क्षितिजाशी समांतर धरा. भिंतीशी जुळवलात तर खोली सरळ दिसते आणि माणसंच वाकडी!

सेंट पीटर्स चर्चच्या आवारात लुई गॅल्डीची कबर शोधा. 1692 मध्ये जमिनीने त्याला गिळलं, दुसऱ्या धक्क्याने समुद्रात फेकलं, आणि होडीवाल्यांनी उचलेपर्यंत तो पोहत राहिला, असं कबरीवर कोरलंय. तो वारला 1739 मध्ये, 80 व्या वर्षी.

लाइम के बेटावर जायचं असेल तर सगळा क्रम उलटा करा: सकाळी बेट, मग किल्ला. दिवस वर आला की समुद्रावरून वारा सुटतो आणि छोटी होडी लाटांवर आपटत येते. परतीची वेळ आणि भाडं चढण्याआधीच ठरवा, रोख जमैकन डॉलर जवळ ठेवा आणि निम्मे पैसे परतल्यावर द्या. दुपारी तळलेला मासा आणि बॅमी, म्हणजे कसावाची जाड भाकरी, मागवा. मासा ताजा तळतात, वेळ लागतो.